'बनगरवाडी'च्या सोबतीने सहा आठवडे : एका कादंबरीतून अनेक विषय शिकवू पाहणाऱ्या पालकांसाठी

मुलांना घरीच शिकवायचे ठरवलेल्या पालकांना पहिल्या काही महिन्यांत एक गोष्ट फार छळते. मूल शाळेतून बाहेर पडते, पण शाळेचे वेळापत्रक घरातून बाहेर पडत नाही. साडेनऊला गणित, सव्वादहाला भूगोल, मग इतिहास, आणि प्रत्येक तासाला आई किंवा बाबा वेगळ्या विषयाचे शिक्षक होऊन त्याच जेवणाच्या टेबलाशी बसलेले, असा प्रकार काही आठवडे चालतो आणि दोन्ही पक्ष थकून जातात. यातून सुटण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे एकच कादंबरी निवडून पाच-सहा आठवडे तिच्या आधाराने भाषा, भूगोल, इतिहास, विज्ञान आणि थोडेफार गणित शिकणे. हा लेख त्या मार्गावर पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्यांसाठी आहे. सर्वसाधारण सल्ला देत बसण्यापेक्षा व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही एकच कादंबरी घेऊन, आम्ही घरी काय केले आणि पुन्हा करताना काय बदलू, हे क्रमाने सांगतो.

१९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही छोटी कादंबरी औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत घडते. एक कोवळा मास्तर नेमणुकीच्या गावी पोहोचतो तेव्हा त्याच्या शाळेत मुलेच नसतात, कारण ती मेंढरांमागे माळावर गेलेली असतात. शाळेत न जाणाऱ्या मुलाबरोबर ही सुरुवात वाचताना आपल्याला वेगळीच गंमत येते, ती लपवण्याचे कारण नाही. आमच्या मुलीचा पहिला प्रश्न तिथूनच आला: मेंढरे सांभाळणारी ती मुले अडाणी होती का? सहा आठवडे आम्ही बऱ्याच अंशी त्याच प्रश्नाचे उत्तर शोधत होतो.

कादंबरी निवडताना

वेगळी कादंबरी निवडायची असली तरी निवडीचे निकष हेच ठेवावेत. कथा एका खऱ्या, नकाशावर बोट ठेवता येईल अशा प्रदेशात घडलेली असावी. तिच्यातली माणसे काहीतरी काम करणारी असावीत आणि ते काम कथेत दिसत असावे. पुस्तक दीडशे-दोनशे पानांहून मोठे नसावे, कारण जाडजूड कादंबरीत अर्धा वेळ वाचनातच जातो आणि बाकीचे विषय तोंडी लावण्यापुरते उरतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती पालकाला स्वतःला मनापासून आवडलेली असावी. मुलांसाठी 'उपयुक्त' म्हणून निवडलेले पुस्तक मुले दुसऱ्या दिवशी ओळखतात.

'बनगरवाडी' साधारणपणे बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी ठीक आहे. तिच्यात स्त्री-पुरुष संबंधांचे ताणतणाव आहेत, मारहाण आहे, चोरी आहे, मृत्यू आहे आणि शेवटाकडे भयाण दुष्काळ आहे. म्हणून पालकाने ती आधी एकट्याने, पेन्सिल हातात घेऊन वाचावी. कोणत्या प्रसंगाशी थांबून बोलावे लागेल, हे समासात टिपून ठेवावे. अंजी या तरुण मुलीच्या चोळीचा प्रसंग आणि त्यावरून कारभाऱ्याच्या (वाडीच्या प्रमुखाच्या) मनात आलेले किल्मिष हा असा एक थांबा आहे. आम्ही तो गाळला नाही. गावात तरुण मुलीकडे कोणाकोणाचे लक्ष असते, यावर त्या दिवशी जे बोलणे झाले ते इतर वेळी मुद्दाम काढता आले नसते.

नोंदणी आणि परीक्षा यांबद्दल थोडक्यात

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानतो. घरच्या शिक्षणाची वेगळी व्यवस्था त्यात सांगितलेली नाही आणि पालकांसाठी शिक्षाही सांगितलेली नाही. प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ किंवा दहावी-बारावीला खाजगी विद्यार्थी म्हणून भरायचा १७ नंबरचा फॉर्म, हे नेहमीचे रस्ते आहेत. त्यांच्या अटी आणि तारखा त्या-त्या वर्षीच्या सूचनेत पाहाव्यात. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, कोणत्याही मार्गाने गेलात तरी केलेल्या कामाची तारीखवार नोंद हाताशी असलेली बरी.

पहिला आठवडा : फक्त वाचन

नवख्या पालकांची सर्वांत मोठी चूक पहिल्याच दिवशी होते. पहिले प्रकरण वाचून झाले रे झाले की नकाशा, शब्दार्थ, पाच प्रश्न. मी स्वतः आधीच्या एका पुस्तकाबाबत हेच केले होते. प्रत्येक प्रकरणाला एक कृतिपत्रिका इतक्या तयारीने केली की तिसऱ्या प्रकरणानंतर पुस्तक सोफ्याखाली सापडू लागले. कादंबरी आधी कादंबरी म्हणून पूर्ण होऊ द्यावी. पहिल्या आठवड्यात रोज पाऊण तास मोठ्याने वाचावे, आळीपाळीने वाचावे, आणि शेवटपर्यंत जाऊन पोहोचावे. या आठवड्यात एकही स्वाध्याय देऊ नये.

एवढे मात्र करावे: भिंतीवर एक मोठा कागद चिकटवावा आणि वाचताना मुलाला पडलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत त्यावर लिहावा. उत्तर लगेच देऊ नये. आमच्या कागदावर आठवड्याअखेर एकतीस प्रश्न होते. राजा तालमीसाठी का आला? पाऊस पडला नाही तर मेंढ्या काय खातात? रामोशी म्हणजे चोर का? आणा म्हणजे किती? तालीम बांधायला पैसे कोणी दिले? बैल नव्हता म्हणून बायकोने जू खांद्यावर घेतले, हे खरे असू शकते का? पुढच्या पाच आठवड्यांचा अभ्यासक्रम याच कागदातून निघाला. पालकाने आधी केलेली योजना कितीही देखणी असली, तरी मुलाच्या प्रश्नाला जोडलेला विषयच टिकतो. बाहेरून आणून चिकटवलेला विषय दोन दिवसांत गळून पडतो.

वाचताना भाषेचा अडथळा येणारच. पुण्या-मुंबईच्या मुलांना माणदेशी बोली सुरुवातीला अवघड जाते आणि परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना तर अधिकच. अशा वेळी संवाद पालकाने मोठ्याने वाचावेत, कारण बोली डोळ्यांपेक्षा कानाने लवकर समजते. परदेशातल्या घरांत राम देशमुख यांनी केलेला 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' हा १९५८ सालचा इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवता येईल, पण तो मराठी प्रकरण ऐकून झाल्यावरच उघडावा.

भूगोल : पाऊस कुठे अडतो

या कादंबरीत सर्वांत आधी हात घालावा तो भूगोलाला, कारण तिथे घडणारे जवळजवळ सर्व काही पावसावर टांगलेले आहे. महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा घेऊन मुलाला सह्याद्रीची रांग रंगवू द्यावी आणि मग माण, खटाव, आटपाडी, सांगोला आणि जत हे तालुके शोधायला लावावेत. हाच ढोबळमानाने माणदेश. माण नदी, जिला लोक माणगंगा म्हणतात, साताऱ्याच्या माण तालुक्यात उगम पावते, म्हसवड, आटपाडी, सांगोल्याकडून वाहत जाते आणि भीमेला मिळते. नदीचा मार्ग मुलाने बोटाने गिरवला की 'नदीकाठचे लोकही दुष्काळात कसे' हा प्रश्न आपोआप येतो.

त्याचे उत्तर आलेखाने द्यावे. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत दीडशेएक किलोमीटरवर असलेल्या आटपाडीच्या बाजूला ५०० मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. आलेखाच्या कागदावर ५०० मिलीमीटरला एक सेंटिमीटर असे प्रमाण घेतले, तर एक स्तंभ बारा सेंटिमीटर उंच होतो आणि दुसरा जेमतेम एक. आमच्या मुलीने हे दोन स्तंभ काढले आणि बराच वेळ नुसती पाहत बसली. मग कारण सांगावे: अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, वर चढताना थंड होतात, बाष्पाचे पाणी होऊन पश्चिमेच्या उतारावर कोसळते, आणि पलीकडे उतरणारी हवा पुन्हा तापत जाऊन कोरडी होते. पर्जन्यछाया हा शब्द पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतो. इथे तो एका गावाच्या नशिबाला जोडला जातो.

घरच्या गच्चीवर प्लास्टिकच्या बाटलीचे पर्जन्यमापक ठेवावे. सरळ भिंतीची बाटली वरून कापून, वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवून, बाहेरून पट्टी चिकटवली की झाले. तळाचा खोलगट भाग आधी शून्याच्या खुणेपर्यंत पाण्याने भरून घ्यायला विसरू नये, नाहीतर पहिले दोन-तीन मिलीमीटर हरवतात. अभ्यास उन्हाळ्यात करत असाल तर हा भाग सोडून द्यावा आणि आधीच्या वर्षांच्या नोंदींवर काम करावे.

मेंढपाळांचे स्थलांतर हाही भूगोलच आहे. फलटण भागातले अनेक धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परत येतात. कोकणात पावसाळ्यात मेंढ्यांना ओल आणि चिखल सोसत नाही, आणि इकडे उन्हाळ्यात चारा राहत नाही. या दोन ओळींवरून मुलाने वर्षाचे चक्र स्वतः काढावे. शेतात रात्री मेंढ्या बसवण्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य किंवा पैसे देतो, हे कळल्यावर आमच्या घरी 'म्हणजे लेंड्यांचे भाडे' असा शब्दप्रयोग रूढ झाला.

शेवटी आजचा नकाशा उघडावा. ब्रिटिश काळात बांधलेला म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव, १९७२चा दुष्काळ आणि त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना, कऱ्हाडजवळून कृष्णेचे पाणी उचलून आटपाडी-सांगोल्याकडे नेणारी टेंभू उपसा सिंचन योजना, आणि आज त्या भागात दिसणाऱ्या डाळिंबाच्या बागा. कादंबरीतला प्रदेश तसाच गोठून राहिलेला नाही, हे मुलाला कळणे आवश्यक आहे. नाहीतर माणदेश म्हणजे कायमची करुण जागा असा चुकीचा समज होतो.

गणित : आणे, पायल्या आणि मेंढ्या

आधी स्पष्ट सांगतो की गणिताचा नियमित अभ्यास कादंबरीवर सोपवू नये. गणिताला स्वतःचा क्रम असतो. अपूर्णांक येत नसताना कथेत शेकडेवारी आली म्हणून ती शिकवता येत नाही. रोजचा गणिताचा अर्धा-पाऊण तास त्याच्या पुस्तकातूनच चालू ठेवावा आणि कादंबरीतून फक्त जिथे खरे गणित डोकावते तिथेच थांबावे. 'मास्तर रोज चार मैल चालला तर सात दिवसांत किती' असली उदाहरणे करणे म्हणजे कथेचा आणि गणिताचा दोघांचाही अपमान आहे.

खरे गणित मात्र तीन ठिकाणी मिळाले. पहिले, नाणी. दशमान पद्धत आली १ एप्रिल १९५७ रोजी. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै. ३ रुपये ६ आणे आणि २ रुपये १३ आणे यांची बेरीज मुलाला करायला द्यावी. १९ आण्यांतून सोळा गेले की हातचा एक आणि उरले तीन, म्हणून उत्तर ६ रुपये ३ आणे. हातचा दहाचाच असतो हा समज इथे मोडतो. चवली, पावली आणि अधेली म्हणजे दोन, चार आणि आठ आणे, हे आजी-आजोबांकडून वदवून घ्यावे. 'सोळा आणे खरे' याचा अर्थही मग सांगावा लागत नाही.

दुसरे, धान्याची मापे. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अडशिरी आणि दोन अडशिऱ्यांची एक पायली. गावोगाव यात थोडा फरक असे, पण या कोष्टकात दोनाचा घातांक चढत जातो आणि पायलीत चौसष्ट निळवी बसतात, हे पाहून मुलीने स्वतःहून विचारले की रुपयातही चौसष्ट पैसे आहेत, हा योगायोग का? त्यावर आमची एक संध्याकाळ गेली. वस्तू पुन्हा पुन्हा अर्धी करणे तराजूशिवाय जमते, दहा भाग करणे जमत नाही, इथपर्यंत आम्ही पोहोचलो. एक सावधगिरी: मापाचा शेर आणि वजनाचा शेर वेगळे. ऐंशी तोळ्यांचा वजनी शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा आणि असे चाळीस शेर म्हणजे एक मण, सुमारे सव्वासदतीस किलो.

तिसरे आणि सर्वांत समृद्ध, कळपाचे गणित. समजा, एका घराकडे चाळीस मेंढ्या आहेत, वर्षाला प्रत्येकीला एक कोकरू होते, त्यातली निम्मी माद्या, दहातले एक दगावते, आणि कोकरू दोन वर्षांनी विते. पाच वर्षांचा तक्ता वहीत आखून भरावा. मग तिसऱ्या वर्षी दुष्काळ घालावा: एक तृतीयांश मेंढ्या मेल्या, कोकरे झाली नाहीत. यानंतर विक्रीचा प्रश्न घ्यावा. समजा चांगल्या वर्षी एक मेंढी विकून दोन मण ज्वारी येत होती. दुष्काळात सगळेच मेंढ्या विकायला काढतात म्हणून किंमत निम्मी झाली, आणि ज्वारीचा भाव दुप्पट झाला. आता एका मेंढीला किती ज्वारी? अर्धा मण. मेंढ्या जिवंत आहेत, बाजारात धान्यही आहे, तरी घर उपाशी. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळांचा अभ्यास मांडताना आफ्रिकेतल्या पशुपालकांबाबत नेमकी हीच यंत्रणा दाखवली होती. बारा वर्षांच्या मुलाला ही चार ओळींच्या गुणाकारात समजते, आणि वाडी ओस का पडते हे मग केवळ दुःखद वाटत नाही, कळते.

इतिहास आणि नागरिकशास्त्र : औंधचा राजा

वाडीतल्या तालमीसाठी राजाच येतो, हे मुलांना परीकथेसारखे वाटते. तो राजा कोणता, हे शोधताना महाराष्ट्राच्या इतिहासातला एक विलक्षण तुकडा हाती लागतो. औंध हे पंतप्रतिनिधींचे छोटे संस्थान. त्याचे मुलूखही एकसंध नव्हते, आटपाडीचा महाल, म्हणजे तालुक्यासारखा विभाग, मुख्य औंधपासून वेगळा पडलेला होता. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) चित्रकार होते, कीर्तन करत, आणि सूर्यनमस्काराचे कडवे पुरस्कर्ते होते. शाळांतल्या मुलांना ते नमस्कार घालायला लावत. वाडीत तालीम बांधण्याचा घाट आणि राजाची व्यायामाची आवड यांचा संबंध मुलाने स्वतः जोडला तर उत्तम. त्या आठवड्यात सकाळी बारा नमस्कार घालावेत. शारीरिक शिक्षणाचा विषय तेवढ्यात झाला.

१९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या मदतीने या राजाने आपली सत्ता प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना केली आणि गावोगावच्या पंचायतींना अधिकार दिले. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत सुरू झाली, जिच्यावरून पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. त्याची पटकथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे व्यंकटेश माडगूळकरांचे थोरले भाऊ. किर्लोस्करवाडीचा कारखानाही याच संस्थानाच्या जमिनीवर १९१०च्या सुमारास उभा राहिला. १९४८ साली संस्थान विलीन झाले. नागरिकशास्त्रासाठी औंधच्या पंचायती आणि १९९२ची ७३वी घटनादुरुस्ती यांची तुलना पुरेशी आहे. शक्य असेल तर औंधच्या श्रीभवानी संग्रहालयाला भेट द्यावी. ते साताऱ्याहून एका दिवसात होते.

भिंतीवरच्या कागदावरचा 'रामोशी म्हणजे चोर का' हा प्रश्न मात्र घाईने उडवू नये. कादंबरीतला आनंदा रामोशी चोऱ्या करतो, म्हणून मूल सबंध जातीला चोर ठरवून मोकळे होईल. पूर्वी गावाची राखण करणे हे रामोशांचे काम होते. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे उमाजी नाईक त्याच समाजाचे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाल्यावर त्यांना विमुक्त म्हटले गेले. महाराष्ट्रात रामोशी समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. हे सगळे सांगून झाल्यावर पुन्हा आनंदाकडे यावे आणि विचारावे, लेखकाला तो आवडतो की नाही? मुलीचे उत्तर होते की मास्तरला आवडतो, पण मास्तरला ते कबूल करायला वेळ लागतो. समीक्षेच्या दृष्टीने याहून जास्त अपेक्षा मी केली नव्हती.

विज्ञान : लोकर, रवंथ आणि माळ

विज्ञानाचे प्रयोग घरातल्या वस्तूंनी होतात. एक जुने घोंगडे मिळवावे. त्याचा एक धागा आणि सुती कापडाचा एक धागा चिमट्यात धरून पालकाने जाळून दाखवावा. लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि विझते, सूत कागदासारखे जळत जाते. कारण एक प्रथिन आहे आणि दुसरे सेल्युलोज. मग दोन्हींचे सारख्या वजनाचे तुकडे ओल्या हवेत, न्हाणीघरात, रात्रभर ठेवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावेत. लोकर हवेतली बरीच वाफ शोषून घेते तरी हाताला कोरडी लागते. मेंढपाळ भर पावसात घोंगड्याची खोळ करून का उभा राहतो, याचे उत्तर इथे आहे. घोंगडी विणणारे सणगर लोकरीच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात; चार चिंचोके भाजून, सोलून, शिजवून खळ करून पाहावी. आमची खळ पहिल्यांदा करपली आणि घरभर वास सुटला, हे जाता जाता.

मेंढीचे चार कप्प्यांचे पोट, रवंथ, आणि माणसाला न पचणारे गवत तिला कसे पचते, हे आकृतीने अर्ध्या तासात होते. माळाला त्याहून जास्त वेळ द्यावा. सरकारी कागदांत आणि आपल्या बोलण्यातही माळरान म्हणजे पडीक जमीन असते. प्रत्यक्षात तो लांडगा, खोकड, ससे, तितर आणि एके काळी माळढोक यांचा भरगच्च संसार आहे. सोलापूरजवळचे नान्नज अभयारण्य माळढोकासाठीच राखले गेले. मुलाला घराजवळच्या एका मोकळ्या जागेत एक मीटर लांबी-रुंदीचा दोरीचा चौकोन आखून त्यातली प्रत्येक वनस्पती मोजायला लावावी. नाव माहीत नसेल तर चित्र काढून क्रमांक द्यावा. पडीक या शब्दाबद्दलचा संशय तेवढ्याने निर्माण होतो.

भाषा सर्वत्र, पण कृत्रिम नको

भाषेचा वेगळा तास ठेवण्याची गरज पडत नाही. शब्दांची वही मात्र पहिल्या दिवसापासून असावी: मेंढका, कोकरू, वाघर, वाडा, कारभारी, तालीम. वाघर म्हणजे मेंढ्या रात्री कोंडायची जाळी, हे शब्दकोशात पाहण्यापेक्षा मेंढपाळाकडे पाहिलेले बरे. दिवाळीनंतर शहरांच्या कडेलाही कळप उतरलेले असतात. तिथे जाताना त्यांची कामाची वेळ टाळावी, कुत्र्यांपासून सावध राहावे, आधी विचारावे, फोटो काढण्यापूर्वी पुन्हा विचारावे, आणि मुलाचे प्रश्न चार-पाचच ठेवावेत. आम्ही भेटलेल्या आजोबांनी मुलीला उलट विचारले, "बाळ, तू शाळेत का न्हाईस?" तिने घरी शिकते असे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग आमच्यासारखंच की." तिच्या पहिल्या प्रश्नाला मी तीन आठवडे उत्तर शोधत होतो, आणि ते असे रस्त्याच्या कडेला मिळाले.

लेखनासाठी तीन कामे पुरेत. गावाला लिहिता येत नाही तेव्हा मास्तर लोकांची कामे करतो, म्हणून मुलाने घरातल्या किंवा इमारतीतल्या कोणासाठी तरी खरा अर्ज किंवा पत्र लिहून द्यावे. दुसरे, एक प्रसंग अंजीच्या नजरेतून पुन्हा सांगावा. तिसरे, शाळेत मुले उरली नाहीत हे वरिष्ठांना कळवणारा मास्तरचा अहवाल, कार्यालयीन मराठीत, एका पानात. तिसरे काम सर्वांत अवघड आहे, कारण त्यात दुःख लिहायचे नसते, फक्त पटसंख्या लिहायची असते.

वेळापत्रक, नोंदी आणि शेवटचा आठवडा

दुसऱ्या आठवड्यात भूगोल, तिसऱ्यात आणे आणि कळप, चौथ्यात औंध, पाचव्यात विज्ञान, असा ढोबळ क्रम आम्ही ठेवला. रोज सकाळी गणिताचा नेहमीचा तास, मग दीड-दोन तास या अभ्यासाला, आणि दुपार मोकळी. एका दिवशी दोनाहून जास्त विषय कादंबरीशी जोडू नयेत. शुक्रवारी नवीन काही न करता भिंतीवरच्या कागदाकडे जावे, उत्तर मिळालेल्या प्रश्नांवर रेघ मारावी आणि नवे प्रश्न लिहावेत. एखाद्या आठवड्यात मूल आजारी पडले किंवा पाहुणे आले तर एक विषय सरळ सोडून द्यावा. आमची चित्रकला अशीच राहून गेली आणि कोणाचे काही बिघडले नाही.

मूल्यमापनासाठी प्रश्नपत्रिका काढण्यापेक्षा एक वही ठेवावी आणि तिच्यात आलेख, तक्ते, पत्रे, फोटो आणि प्रयोगांच्या नोंदी तारखेसह चिकटवाव्यात. पालकाने दर आठवड्याला अर्धे पान स्वतःही लिहावे: मुलाला काय जमले, काय अडले, कोणत्या ठिकाणी आपणच जास्त बोललो. ही वही पुढे मुक्त विद्यालयाच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहताना उपयोगी पडते, कारण कोणता घटक झाला आणि कोणता मुळीच शिवला गेला नाही हे तिच्यातून लगेच दिसते. आमच्या बाबतीत विद्युत आणि भूमिती हे दोन घटक पूर्ण कोरे होते. ते नंतर पाठ्यपुस्तकातूनच केले.

सहाव्या आठवड्यात कादंबरी पुन्हा एकदा, या वेळी मुलाने एकट्याने वाचावी. अमोल पालेकर यांचा १९९५चा चित्रपट त्यानंतर पाहावा, आधी नको. आधी पाहिला तर मास्तरचा चेहरा कायमचा नटाचा होतो. भिंतीवरच्या कागदावर जे प्रश्न रेघेविना उरतील ते तसेच ठेवावेत. आमच्याकडे सात उरले, त्यातला एक होता, 'घोंगडे विणायला किती दिवस लागतात?' पुढच्या कादंबरीआधीचे दोन आठवडे त्यातच गेले.